चोवीस पिंजरे

१

सोमवारी सकाळी सात वाजता दगडू भोईरने उंदरांच्या खोलीचं दार उघडलं, तेव्हा वल्लरी केळसकर जमिनीवर पडलेली होती. एका कुशीवर, हात पोटाशी घेऊन. तिला झोप लागली असावी असंच त्याला आधी वाटलं. प्रयोगाच्या दिवसांत ती पोरगी दमून बसल्या जागी डोळे मिटायची. त्याने दोनदा हाक मारली, वाकून कपाळाला हात लावला, आणि तसाच मागे सरत व्हरांड्यात येऊन भिंतीला टेकून बसला.

खोली दहा बाय आठची. एका भिंतीला तीन खणांचं लोखंडी रॅक आणि त्यावर चोवीस पिंजऱ्यांत चोवीस पांढरे उंदीर. कोपऱ्यात कार्बन डायऑक्साइडचं सिलेंडर. प्रयोग संपला की याच वायूने उंदरांना झोपवून मारतात. सिलेंडरची चावी पूर्ण उघडी होती आणि सिलेंडर रिकामं. बाहेरचा आवाज आणि धूळ आत येऊ नये म्हणून दाराला चारी बाजूंनी रबरी पट्टी मारलेली, त्यामुळे दार बंद असलं की हवेला ये-जा करायला वाट नाही. पोलिसांनी दुपारपर्यंत निष्कर्ष काढला. मुलगी रविवारी एकटीच काम करत होती, सिलेंडर तपासताना चावी अडकली, वायू भरला, ती चक्कर येऊन पडली, डोकं रॅकवर आपटलं. डोक्यामागची जखम त्यात व्यवस्थित बसत होती. शवविच्छेदनाने मृत्यूची वेळ रविवारी दुपारी दोन ते पाचच्या दरम्यानची सांगितली.

कोलशेतला खाडीच्या अंगाला, एका बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या आवारात हे 'प्राणिका संशोधन केंद्र' होतं. तिथे दीड वर्ष एकाच प्रश्नावर काम चाललं होतं. मोबाईल फोनच्या लहरींनी प्राण्यांच्या पेशीतला डीएनए तुटतो का? वल्लरी त्यावर पीएच.डी. करत होती. सव्वीस वर्षांची, डोंबिवलीची, आईवडिलांची एकुलती एक.

डॉ. माया गमरेंना ही बातमी कल्याणच्या त्यांच्या दवाखान्यात कळली. त्या जनावरांच्या डॉक्टर. प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी जी समिती केंद्रात होती, तिच्यावर बाहेरच्या सदस्य म्हणून त्या बसायच्या. फोन ठेवल्यावर त्यांनी टेबलावरच्या मांजराचं टाके घालायचं काम पुरं केलं, हात धुतले आणि मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

शनिवारी दुपारी वल्लरीने त्यांना फोन केला होता. त्या टिटवाळ्याला एका गोठ्यात होत्या, अडलेल्या म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातलेला. गोठ्याच्या मालकाने फोन त्यांच्या कानाला धरला. वल्लरी म्हणाली होती, "मॅडम, दुसऱ्या तुकडीचं रक्त तपासलं मी. जे दिसतंय ते लहरींनी झालेलं नाही वाटत मला. इथे कोणाला सांगू ते कळत नाहीये." मायाताईंनी तिला सोमवारी दवाखान्यात ये म्हणून सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. सहा महिन्यांपूर्वी तपासणीला गेल्या असताना सिलेंडर उंदरांच्या खोलीतच ठेवलेलं त्यांनी पाहिलं होतं. जागा नाही, असं केंद्राने सांगितलं. 'तात्पुरती सोय' असा शेरा मारून त्यांनी सही केली होती.

२

समितीतर्फे सिलेंडरच्या व्यवस्थेवर अहवाल द्यायचा होता, त्यामुळे मंगळवारी सकाळी त्यांना खोलीत जाता आलं. निरीक्षक जगन सोनावळे सोबत होते. शांत माणूस, बोलण्यापेक्षा ऐकणारा. अहवालात दोष कोणाचाही निघो, प्रकरण लवकर मिटावं, एवढीच त्यांची अपेक्षा दिसत होती.

मायाताई दारातच थांबल्या. उंदीर हालचाल करत होते, कोणी पाणी पीत होता, कोणी भुशात तोंड खुपसून बसला होता.

"सोमवारपासून यांना कोणी हलवलंय?"

कोणी नाही, असं सोनावळेंनी सांगितलं. त्यांच्याच हुकमावरून दगडूने फक्त खाणंपाणी दिलं होतं, तेही शिपायाच्या देखत. त्यांनी मोबाईलवर सोमवारचे फोटो दाखवले. पिंजरे आता होते तसेच, तिन्ही खणांत आठ-आठ.

मायाताई गुडघे टेकून खाली बसल्या. सगळ्यात खालचा खण जमिनीपासून वीतभर उंच होता.

"साहेब, हा वायू हवेपेक्षा जड असतो," त्या म्हणाल्या. "तो आधी जमिनीवर साचतो, मग वर चढतो. वल्लरी इथे पडली होती. तिच्या नाकाच्या उंचीवर हे आठ उंदीर. माणूस मरेल एवढा वायू खोलीत भरला तर उंदीर त्याच्या कितीतरी आधी मरतो. सिलेंडर सगळं रिकामं झालंय, म्हणजे वरच्या खणातलेही वाचायला नको होते. आणि चोवीसच्या चोवीस जिवंत आहेत."

सोनावळेंनी रॅककडे पाहिलं, मग जमिनीकडे. वल्लरी मेली तेव्हा उंदीर खोलीत नव्हते. कोणीतरी आधी चोवीस पिंजरे बाहेर नेले होते आणि नंतर दार उघडून वायू जाऊ दिल्यावर परत आणून ठेवले होते.

आणखी एक गोष्ट त्यांच्या नजरेला आली, पण तिच्याबद्दल त्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. रॅकच्या डाव्या अर्ध्यातल्या पिंजऱ्यांमध्ये भुशावर लालसर डाग होते. उजव्या बाजूचा भुसा साधा, पिवळट.

३

पहारेकऱ्याच्या सांगण्यावरून रविवारी दुपारी इमारतीत वल्लरीखेरीज तिघं होती. प्रकल्पाचे प्रमुख डॉ. ऋतुराज आगाशे, लहरींचं यंत्र चालवणारा सिद्धेश, आणि प्रयोगशाळेच्या तंत्रज्ञ हेमांगी राणे. दगडू अकरालाच भाचीच्या हळदीला खडवलीला निघून गेला होता आणि तिथे शंभर माणसांनी त्याला पाहिलं होतं.

डॉ. आगाशे आपल्या खोलीत बसून होते. मूळचे पुण्याचे, बोलणं नेमकं. लहरींनी डीएनए तुटतो असं त्यांनी दहा वर्षांपूर्वी एका लेखात मांडलं होतं आणि त्यावरून त्यांची बरीच टिंगल झाली होती. हा प्रयोग म्हणजे त्यांच्या दृष्टीने त्या टिंगलीचा निकाल. त्यामुळे त्यांच्यावर संशय घेणं सोपं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं.

"माझा हात लागू नये म्हणूनच सगळी रचना केली आहे," ते म्हणाले.

रचना त्यांनी समजावून सांगितली. प्रत्येक उंदराला रोज पंधरा मिनिटं खोलीबाहेरच्या एका धातूच्या पेटीत ठेवायचं. बारा उंदरांच्या वेळी पेटीत लहरी चालू, बाकी बारांच्या वेळी बंद. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. कोणत्या पिंजऱ्याला लहरी मिळतात ते फक्त सिद्धेशला माहीत. त्याने ती यादी लिफाफ्यात घालून मोहोर लावून कार्यालयाच्या तिजोरीत ठेवली होती. रॅकवरची पिंजऱ्यांची जागासुद्धा दर सोमवारी चिठ्ठ्या टाकून बदलायची, म्हणजे नुसत्या जागेवरून कोणाला अंदाज बांधता येऊ नये. रक्त तपासणाऱ्याच्या हाती फक्त आकडे. त्याने पेशी काचपट्टीवर पसरायच्या, वीज सोडायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. डीएनए तुटलेला असला तर तुकडे मागे ओढले जातात आणि पेशीला धूमकेतूसारखी शेपटी फुटते. जितकी लांब शेपटी, तितकं नुकसान जास्त.

पहिल्या तुकडीत काय निघालं, असं मायाताईंनी विचारलं. त्या तुकडीची यादी उघडली होती आणि वल्लरी अजून आकडेमोड करत होती, पण डोळ्यांना दिसेल असा फरक नव्हता. दुसऱ्या तुकडीत मात्र बारा उंदरांना लांबलचक शेपट्या होत्या. हे सांगताना आगाशेंचा आवाज किंचित चढला, आणि लगेच त्यांना त्याची लाज वाटली असावी. ते खिडकीकडे बघू लागले.

मायाताईंनी त्यांना उंदरांच्या खोलीपर्यंत बरोबर यायला सांगितलं. दार उघडताच आगाशे शिंकायला लागले. पाच मिनिटांत डोळे लाल झाले, मनगटावर गांधी उठल्या. उंदरांच्या केसांची त्यांना ॲलर्जी होती, गेली तीन वर्षं ते त्या खोलीत पाऊल ठेवत नव्हते. सोनावळेंना आठवलं, सोमवारी सकाळी या माणसाचा जबाब घेतला तेव्हा त्याचा चेहरा अगदी स्वच्छ होता. चोवीस पिंजरे दोनदा हाताळलेला माणूस तसा राहिला नसता.

मग उरला सिद्धेश. तिशीतला, वागळे इस्टेटमधला. पूर्वी एका फोन कंपनीत होता म्हणून केंद्रात त्याच्याकडे जरा वाकड्या नजरेनेच बघायचे. शनिवारी संध्याकाळी त्याचं आणि वल्लरीचं भांडण झालं होतं. ते पहारेकऱ्याने ऐकलं होतं.

सिद्धेशने लपवलं नाही. "ती यादी मागत होती मॅडम. बोलली, बघू दे मला, काहीतरी घोळ आहे. मी नाही बोललो. फोडली असती तर दीड वर्षाचं काम वाया गेलं असतं." तो थांबला. "दाखवली असती तर ती रविवारी एकटी नसती गेली तिथे. मी पण वरच होतो, यंत्राचं काम करत. मला काहीच ऐकू आलं नाही."

"यादी तुमच्याशिवाय कोणालाच माहीत नाही?"

"कोणालाच नाही."

हे बोलताना आपण स्वतःभोवतीच दोर आवळतोय, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. सोनावळेंच्या मात्र आलं.

४

दुपारी मायाताईंनी एकटीने दगडूला गाठलं. तो कोलशेत गावातलाच, केंद्र उभं राहिलं तेव्हापासून उंदरांची उस्तवार करणारा. सोमवारपासून तो कोणाशी धड बोलत नव्हता. मायाताई त्याच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"बाय, मी त्यांना नंबरानी वळखतो," तो म्हणाला. "सतरा नंबर वरती व्हता, उजव्या अंगाला. सोमवारी मना खालती दिसला, डाव्या अंगाला. मी पोलिसांना सांगलं. ते बोलले, तू घाबरलास."

मायाताईंनी वल्लरीची वही मागवली. गेल्या सोमवारी काढलेल्या चिठ्ठ्यांप्रमाणे प्रत्येक पिंजऱ्याची जागा त्यात आखलेली होती. फोटोशी ताडून पाहिलं तर एकही पिंजरा आपल्या जागी नव्हता. ज्याने ते परत ठेवले त्याला वहीतली रचना ठाऊक नव्हती, किंवा बघायला सवड नव्हती.

मग त्यांनी लाल डागांबद्दल विचारलं. दगडूने महिनाभर ते पाहिले होते. त्याला वाटलं गाजराचा रंग. त्याने हेमांगीबाईंना दाखवलेही होते, आणि बाईंनी सांगितलं होतं, काही नाही, भुसा बदल.

मायाताईंना ते डाग ओळखीचे होते. कुत्र्यांच्या गाठींवर त्या कर्करोगाचं एक औषध देत. फार परिणामकारक, पण मूत्राशयाचं अस्तर सोलून काढणारं. मात्रा जरा जास्त झाली की लघवीतून रक्त जातं. तेच औषध पेशींचा डीएनएसुद्धा तोडतं. तुटलेला डीएनए कसा दिसतो ते पडताळायला प्रयोगशाळांमध्ये त्याची बाटली हमखास असते. इथेही होती, उघड्या कपाटात.

म्हणजे डाव्या बाजूच्या बारा उंदरांना कोणीतरी पाण्यातून ते औषध पाजत होतं. वल्लरीला शेपट्या बघूनच ते जाणवलं असणार. पण त्यासाठी कोणते बारा ते आधी माहीत असायला हवं, आणि यादी तर तिजोरीत.

त्या उठायला लागल्या तेव्हा खोलीबाहेरच्या फळीवर त्यांना एक छोटा ट्रान्झिस्टर दिसला. हा कोणाचा, असं त्यांनी सहज विचारलं.

"हेमांगीबायनी आणला, दुसरी तुकडी चालू झाली त्याच दिवशी. बोलल्या, गाणी लागली की उंदीर दचकत नाय. खरं हाय ते." दगडूने मान हलवली. "पन पेटी चालू झाली की मधे मधे टरटर करतो. एक उंदीर ठेवला की करतो, दुसरा ठेवला की नाय करत. बाय दिवसभर माझ्या बाजूला बसलेल्या त्या दिवशी, उंदरांना मानवतंय का बघायला. कायतरी लिहीत पण व्हत्या."

मायाताई परत खाली बसल्या.

मोबाईल वाजायच्या आधी जवळचा स्पीकर टरटरतो, हे त्यांनी कितीदा तरी ऐकलं होतं. पेटीच्या दाराच्या फटीतून लहरी थोड्या झिरपत असणार. तिजोरीतली गुप्त यादी चार महिने एक ट्रान्झिस्टर सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचून दाखवत होता.

तरी याने काही सिद्ध होत नव्हतं. यादी सिद्धेशकडे पक्की होती, हेमांगीकडे असली तर कानाने ऐकलेली. दोघांपैकी कोण?

५

बुधवारी सकाळी आगाशे, सिद्धेश आणि सोनावळे यांच्या समोर तिजोरी उघडली. समितीचा अधिकार वापरून मायाताईंनी लिफाफा फोडला. हेमांगीला त्यांनी मुद्दामच बोलावलं नव्हतं.

फोटो आणि यादी शेजारी शेजारी ठेवले. डाव्या बाजूचे बारा पिंजरे, उजव्या बाजूचे बारा. मायाताई आकडे वाचत गेल्या, सोनावळे खुणा करत गेले. डावीकडचा तीन, लहरी चालू. पाच, चालू. उजवीकडचा सहा, बंद. एकेक जुळत गेलं. सिद्धेशचा चेहरा उतरत चालला. पिंजरे परत ठेवणाऱ्याने नकळत दोन गट पाडले होते आणि ते गट त्याच्या यादीशी जुळत होते.

मग सतरा आला. डावीकडे होता. यादीत, बंद.

आणि नऊ उजवीकडे. यादीत, चालू.

बावीस जुळले, दोन चुकले. सोनावळेंना ती चूक किरकोळ वाटली, घाईत झालेली. मायाताईंनी खोलीत जाऊन भुसा पाहिला. सतराच्या भुशावर लाल डाग होते. नऊचा भुसा साधा होता. ही ठेवण्यातली चूक नव्हती. औषध पाजणाऱ्याने महिनाभर हीच चूक केली होती. त्याच्याकडची यादीच चुकीची होती.

त्यांनी सिद्धेशला नऊ आणि सतराबद्दल विचारलं. त्याला आठवायला वेळ लागला नाही. दुसऱ्या तुकडीच्या पहिल्याच दिवशी संगणकात त्या दोन आकड्यांची अदलाबदल झाली होती. संध्याकाळी ते त्याच्या ध्यानात आलं, त्याने दुसऱ्या दिवसापासून सुधारलं आणि लिफाफा मोहोरबंद करताना तळाला तशी नोंद केली. नोंद तिथे होतीच, त्याच्या बारीक अक्षरात. त्याने हे कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचंच नसतं.

आगाशे हळूच खुर्चीवर बसले. त्यांच्याही डोक्यात उजेड पडला होता.

ज्याच्याकडे खरी यादी होती त्याने सतराला औषध पाजलं नसतं. ते पाजलं होतं अशा माणसाने, ज्याची यादी फक्त पहिल्या दिवसावरून बनली होती. त्या एका दिवशी सकाळपासून संध्याकाळपर्यंत ट्रान्झिस्टरजवळ बसून लिहून घेणारी व्यक्ती एकच होती. दगडू रोजच टरटर ऐकत होता, पण त्यातला अर्थ त्याला माहीत नव्हता आणि रविवारी तो खडवलीला होता.

सिद्धेश उठून बाहेर गेला आणि व्हरांड्यात तोंड फिरवून उभा राहिला.

६

हेमांगी राणे काचपट्ट्यांच्या खोलीत होत्या. पंचेचाळिशीच्या, सडपातळ, केस घट्ट बांधलेले. केंद्रात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं कोणी नव्हतं. वल्लरी त्यांच्याच हाताखाली काम शिकली होती, दुपारचा डबा दोघी एकत्र खात. सोमवारी तिच्या आईला धरून बसल्या होत्या त्या हेमांगीच.

मायाताईंनी दार लोटलं. सोनावळे भिंतीशी उभे राहिले. मायाताईंनी काहीही आडून विचारलं नाही. ट्रान्झिस्टर, भुसा, नऊ आणि सतरा, सगळं ओळीने सांगितलं. हेमांगी ऐकत होत्या. सतराचा आकडा ऐकून मात्र त्यांनी वर पाहिलं.

"सतरा चुकला होता?" त्यांनी विचारलं. बाकीच्या कशाबद्दलही नाही.

नंतर त्यांनी सांगितलं ते फारसं न अडखळता. मुलगी होती त्यांना, श्रिया. टाळेबंदीत शाळा फोनवर आली तेव्हा आठ वर्षांची. हेमांगी कामावर, घरात दुसरं कोणी नाही, म्हणून तिला फोन घेऊन दिला. पोरगी उशीवर फोन ठेवून, त्यावर गाल टेकून शिक्षकांचं ऐकायची. दोन वर्षांनी रक्ताचा कर्करोग निघाला. अकरावा वाढदिवस रुग्णालयात झाला आणि नंतर दहा दिवसांनी ती गेली. फोनचा याच्याशी काही संबंध नाही, असं एका डॉक्टरने सांगितलं. सांगता येत नाही, असं दुसऱ्याने. नवऱ्याने तो विषयच बंद केला.

"फोन मी दिला होता तिच्या हातात," हेमांगी म्हणाल्या. "कोणीतरी मला सांगायला हवं होतं, की हो, त्यानेच गेली. मग मला काय शिक्षा व्हायची ती झाली असती. पण 'सांगता येत नाही' हे घेऊन मी कशी जगू, डॉक्टर? पहिल्या तुकडीच्या पट्ट्या बघितल्या. काही नाही. एवढे उंदीर आणि काहीच नाही. आता सगळे म्हणणार, बघा, फोन निर्दोष आहे. मला ठाऊक होतं तो नाहीये. मी फक्त ते लोकांना दिसेल असं केलं."

रविवारी त्या शेवटची मात्रा द्यायला गेल्या होत्या. बारा पिंजरे एका ढकलगाडीवर वेगळे काढून पाण्याच्या बाटल्या बदलत असताना वल्लरी आली. तिने एक बाटली उचलून वास घेतला आणि हेमांगींकडे पाहिलं. ती ओरडली नाही, चिडलीही नाही. म्हणाली, उद्या ही मी गमरे मॅडमकडे नेणार. हेमांगींनी बाटली ओढली, झटापट झाली आणि वल्लरी मागे पडून रॅकच्या कोपऱ्यावर आपटली. शुद्ध गेली.

"ते मुद्दाम नव्हतं केलं," हेमांगी म्हणाल्या.

"नसेल," मायाताई म्हणाल्या. "पुढचं?"

हेमांगींनी टेबलावरची एक काचपट्टी सरळ केली.

"एक ढकलगाडी तुम्ही बाहेर नेलीत, तेव्हा ती श्वास घेत होती. मग आत येऊन रॅकवरचे बाकीचे बारा पिंजरे उतरवलेत, ते दुसऱ्या गाडीवर ठेवलेत, ती बाहेर नेलीत. तेव्हाही घेत होती. सगळं घाईघाईने केलं तरी पंधरा मिनिटं. वर सिद्धेश होता, खाली पहारेकरी होता, हातात फोन होता. चोवीस उंदरांना बाहेर काढलंत आणि तिला आत ठेवून चावी फिरवलीत."

"मंगळवारी शेवटचं रक्त काढायचं होतं," हेमांगी अगदी हळू म्हणाल्या. "ते मेले असते तर सगळंच गेलं असतं."

भिंतीशी उभे असलेले सोनावळे खाली बघत राहिले.

मायाताईंना वाटलं होतं, राग येईल. आला नाही. पुढ्यातल्या बाईकडे बघताना त्यांना नुसतं थकल्यासारखं झालं. तरी एक गोष्ट सांगायची होती आणि ती सांगावी की नाही यावर त्या मघापासून विचार करत होत्या. वल्लरीच्या वहीत पहिल्या तुकडीची आकडेमोड पुरी झालेली होती, शुक्रवारची तारीख घातलेली. लहरींशिवायच्या उंदरांपेक्षा लहरींतल्या उंदरांच्या शेपट्या किंचित लांब होत्या. डोळ्यांना दिसू नये इतक्या. खाली तिने लिहिलं होतं, की फरक आहे, पण तो योगायोगही असू शकतो, दुसऱ्या तुकडीतही असाच आला तरच काही म्हणता येईल.

त्यांनी वही उघडून हेमांगींसमोर ठेवली.

हेमांगींनी ते पान वाचलं. परत वाचलं. आकड्यांवरून बोट फिरवलं, एकेका ओळीवरून, पट्ट्या तपासताना फिरवत असत तसं.

"म्हणजे होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत नाही. दुसऱ्या तुकडीवरून कळलं असतं."

"मग दुसरी तुकडी..."

सोनावळे पुढे आले, तेव्हा हेमांगींनी विचारलं, ही वही बरोबर घेता येईल का. सोनावळेंनी नाही म्हणून मान हलवली. ती पुरावा होती.

गुरुवारी केंद्राने प्रकल्प बंद केला. औषध पोटात गेलेले उंदीर ठेवून चालत नाही आणि बाकीचे ठेवायला कारण उरलं नव्हतं. समितीच्या सदस्य म्हणून त्यांना कायमचं झोपवायचं काम मायाताईंनी स्वतःकडे घेतलं. सिलेंडर नको म्हणाल्या, सुई मागितली. दगडू एकेक पिंजरा आणून देत होता आणि प्रत्येकाचा नंबर हळू आवाजात सांगत होता. त्यांच्या अहवालात पहिलंच वाक्य सहा महिन्यांपूर्वीच्या त्यांच्या स्वतःच्या सहीबद्दल होतं, आणि शेवटी समितीचा राजीनामा. आगाशेंनी तो दोनदा परत पाठवला.

वल्लरीचे वडील पुढच्या आठवड्यात कल्याणला दवाखान्यात आले. पोलिसांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. जाताना दारात थांबून त्यांनी एवढंच विचारलं, की तिचं ते काम आता कोणी पुढे नेणार आहे का. मायाताईंनी खरं ते सांगितलं, की कोणी नाही. ते बरं म्हणाले, पायात चपला घातल्या आणि रस्ता ओलांडून स्टेशनच्या बाजूला चालत गेले.